साधन निवडण्याआधी मूळ प्रत ठरवा

प्रश्न : आमच्या बारा जणांच्या टीममध्ये सर्व्हरचे, मोबाइल ॲपचे आणि टेस्टिंगचे काम करणारे सर्वजण एकाच एपीआयवर (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीवर) अवलंबून आहेत. त्याचे डॉक्युमेंटेशन आम्ही विकीवर हाताने लिहितो आणि ते सतत मागे पडते. स्वॅगर, पोस्टमन की स्टॉपलाइट घ्यावे, यावर आमचे एकमत होत नाही.

उत्तर : ही तीन नावे एकाच जातीची नाहीत, आणि तुमच्या मतभेदाचे निम्मे कारण मला तिथेच दिसते. आज ज्याला ओपनएपीआय म्हणतात, एपीआयचे वर्णन लिहिण्याच्या त्या पद्धतीचेच नाव पूर्वी स्वॅगर होते; २०१५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली आणि पुढच्या वर्षी तिचे नाव बदलले, त्यामुळे स्वॅगर हे नाव आता एडिटर आणि यूआय यांसारख्या साधनांपुरते उरले आहे. पोस्टमनचा जन्म सर्व्हरला रिक्वेस्ट (विनंती) पाठवून रिस्पॉन्स (उत्तर) पाहण्यासाठी झाला, तर स्टॉपलाइटचा भर आधी आराखडा आणि मग कोड या क्रमावर आहे.

म्हणून पहिला प्रश्न असा की, एपीआयची मूळ प्रत कुठे राहणार? माझ्या मते ती ओपनएपीआयची फाइल असावी आणि कोडबरोबरच गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, राहावी. कोडमधील ॲनोटेशनवरून, म्हणजे कोडला जोडलेल्या टिपांवरून, ही फाइल तयार करता येते आणि एकट्या सर्व्हर टीमला ते पुरतेही. परंतु तुमच्याकडे मोबाइलवाले एंडपॉइंट (एपीआयमधील एकेक पत्ता) तयार होण्याची वाट पाहत बसत असतील, तर आधी फाइल लिहून तिच्यावर प्रिझमसारखा मॉक सर्व्हर, म्हणजे नमुन्याची उत्तरे देणारा नकली सर्व्हर, चालवला की त्यांचे काम त्याच दिवशी सुरू होते.

मात्र हाताने लिहिलेली फाइलही विकीइतकीच शिळी होऊ शकते, आणि ही गोष्ट साधने विकणारे सहसा सांगत नाहीत. त्यावर उपाय सीआयमध्ये, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या तपासणीत, आहे : स्पेक्ट्रल फाइलमधील नियमभंग दाखवते, स्केमाथेसिस त्याच फाइलवरून रिक्वेस्ट तयार करून सर्व्हरचे रिस्पॉन्स तिच्याशी ताडून पाहते, आणि तफावत आढळल्यास बिल्ड अडवता येते. एवढी शिस्त बसली, तर वाचकांसाठी त्याच फाइलवरून बनणारे रेडॉकचे साधे पानही पुरते.

साधन पारखताना तुमचा सर्वांत किचकट एंडपॉइंट, म्हणजे फाइल अपलोड किंवा अनेक रूपांत येणारा रिस्पॉन्स, त्यात भरा, ओपनएपीआयची फाइल बाहेर काढा, पुन्हा आत घ्या आणि गिटमध्ये काय बदलले ते पाहा. ओपनएपीआयची आवृत्तीही तपासा : २०२१ च्या ३.१ मध्ये ‘नलेबल’ (मूल्य रिकामे असू शकते, असे सांगणारा) हा शब्द काढून टाकला गेला आणि फाइलवरून कोड बनवणारे जुने कोड जनरेटर नेमके तिथे अडखळतात. फाइल बाहेर काढून आत घेण्याच्या या फेरीत एखादे वर्णन गळून पडले, तर ते साधन कितीही देखणे असले तरी यादीतून वगळा. पोस्टमन मात्र टेस्टिंगवाल्यांच्या हाती खुशाल राहू द्या, फक्त त्यातील कलेक्शन (रिक्वेस्टचा संच) याच फाइलवरून तयार होऊ द्या.