सातवा बोअर

"मॅडम, तुम्ही लोक सारखं स्वीकारा स्वीकारा म्हणता. म्हणजे नेमकं करायचं काय? हातपाय गाळून बसायचं का?"

मी समुपदेशक, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. कधी 'नीट'साठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी, दुसऱ्यांदा रिपीट करणाऱ्या पोराचा बाप विचारतो (लातुरात बसून हा बाप भेटला नाही असा आठवडा जात नाही), कधी गुडघे गेले तरी पायी वारीचा हट्ट न सोडणारी आजी. उत्तर देताना मला दरवेळी रेणापूरकडचे एक शेतकरी आठवतात. ओळख लागू नये म्हणून घरातल्या काही गोष्टी बदलल्यात. त्यांना आपण नुसतं भाऊ म्हणू.

भाऊ ४८ वर्षांचे. बायकोनं आणलं होतं. दारात चपला काढून खुर्चीच्या कडेवर टेकले आणि बोलायच्या आधी खिशातून पॉलिथिनची एक पुडी काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं कुठला तरी अंगारा असेल. राखाडी, मैद्यासारखी मऊ पूड.

"फुफाटा," ते म्हणाले. "सहाव्या बोअरचा. साडेसहाशे फूट."

बोअरची गाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाली दगड फोडत जाताना हवेच्या दाबानं त्याची पूड वर फेकली जाते. पाणी लागलं की ती चिखल होऊन येते. नाहीच लागलं तर नुसता धुरळा, उभ्या माणसांच्या भुवया पांढऱ्या करणारा. त्या रात्री दोनला गाडी थांबली. मशीनवाल्यानं विचारलं, "अजून पन्नास टाकू का?" भाऊंनी खिसा चाचपला आणि नको म्हणाले. पण ते पन्नास फूट डोक्यातून गेले नाहीत. त्या पन्नासातच पाणी असणार, असं तेव्हापासून रोज रात्री वाटत होतं.

बायको म्हणाली, "रात्री उठून शेतात जातेत. मोबाईलची बॅटरी लावून बोअरमधी बघत बसतेत. त्यात काय दिसणारे?"

चार महिन्यांत आठ किलो वजन उतरलेलं. झोप दोन-तीन तास. अशा वेळी मी आडून विचारत नाही. "जीव नको झालाय असं वाटतं का?" ते गप्प राहिले, मग म्हणाले, "इचार येतो अन् जातो." मग पुढचा प्रश्न, फवारणीचं औषध घरात कुठं असतं? ते त्याच दिवशी मेहुण्याच्या घरी कुलपात गेलं. मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर बायकोच्या मोबाईलमध्ये घालून दिला. तो चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बाकी सगळं समुपदेशन ह्याच्या नंतर.

आता माझी चूक. घाईघाईत पहिल्याच दिवशी मी त्यांना, काही गोष्टी आपल्या हातात नसतात, निसर्गाला मर्यादा असतात, हे सगळं गोड आवाजात ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे तर आमच्या गावातल्या सप्त्यातबी सांगतेत. तिथं वर जेवण असतंय."

हसू आलं, पण लागलंही. खरंच, मर्यादा म्हणजे काय हे मी लातूरकर त्या माणसाला काय शिकवणार? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी स्वतः घागरी घेऊन टँकरच्या रांगेत होते. आमच्याकडे पाणी ही शिकवायची गोष्ट नाही.

दुसऱ्या भेटीत मी उपदेश गुंडाळून ठेवला आणि वही मागितली. त्यांच्याकडे वही असणार याची खात्री होती. दोनशेपानी वही, कव्हरला शाळेचं लेबल, आत पोराचं गणित आणि मागच्या पानांवर बोअर. २८०, ३५०, ४२०, ५००, ५८०, ६५०. पुढे तारीख, पानाड्याचं (पाणी कुठं लागेल ते दाखवणाऱ्याचं) नाव, नारळाचे पैसे. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट, ओलांडलेली विहीर खोल विहीर धरतात. भाऊंच्या वहीत त्याहून उथळ एकही आकडा नव्हता. आम्ही बेरीज केली. २७८० फूट. मोटार-पाईप धरून साडेचार लाख.

स्टीव्हन हेज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकापासून मांडलेली, स्वीकारावर उभी असलेली एक उपचारपद्धत आहे. तिची सुरुवात मला आवडते, कारण तिथं समजूत घालत नाहीत. आजवर काय काय करून पाहिलं आणि त्यानं काय झालं, एवढंच विचारतात. वही समोर होती, तेव्हा मला विचारायचीही गरज पडली नाही. भाऊच बोटानं आकडे दाखवत गेले आणि ३५० वर बोट थांबलं.

"हा लागला होता. दीड इंच. फेब्रुवारीपर्यंत चालला."

गोम इथं होती. सहाच्या सहा कोरडे गेले असते तर माणूस कधीच थांबला असता. एक लागतो, तीन महिने चालतो आणि आटतो, त्यामुळे पुढचे चार घेतले जातात. मटक्याच्या आकड्याचं असंच असतं, आणि तिसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या त्या एका चांगल्या टेस्टचंही. आपला सगळा भाग काळ्या पाषाणाचा. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, खोल गेलं म्हणजे लागेलच असं नाही. हे भाऊंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरीही मी त्यांना जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात विचारून यायला सांगितलं, कारण पाण्याचा सल्ला देणं माझं काम नाही. ते जाऊन आले. सातव्याच्या नादी लागू नका, असंच तिथंही ऐकलं. झोप काही आली नाही.

म्हणजे माहितीचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "समजा सातवा लागला. चार इंच पाणी आलं. पहिली बातमी कुणाला सांगाल?"

मला वाटलं बायकोचं नाव घेतील. खूप वेळ पुडीकडे बघत राहिले.

"थोरल्याला."

मग जे आलं ते पाऊण तास चाललं. वीस वर्षांपूर्वीची वाटणी. वडील बाजेवर, कागदावर पंचांच्या सह्या. थोरल्याच्या वाट्याला जुनी विहीर आली, भाऊंच्या वाट्याला वरचं रान. "तू तरणा आहेस, तू पाणी काढशील," असं वडील म्हणाले आणि महिन्याभरात गेले. वडिलांना ते कौतुक वाटलं असेल. भाऊंच्या डोक्यात मात्र ती कामगिरी होऊन बसली. उन्हाळ्यात थोरल्याच्या विहिरीवर म्हशी न्यायला नको म्हणून ते विकतचा टँकर आणत होते. दोन बांधांवर विहीर, आणि टँकर सात किलोमीटरवरून!

ते रडले. पुरुष माझ्यासमोर रडायला लागला की बहुतेक वेळा आधी "सॉरी मॅडम" म्हणतो. हे म्हणाले नाहीत.

ज्यांना स्वीकाराचा अर्थ हवा असतो त्यांना मी हा प्रसंग सांगते. स्वीकारलं की गार वाटतं, डोकं शांत होतं, अशी जाहिरात सगळीकडे असते. माझा अनुभव उलटा आहे. आधी दुःख येतं. माणूस खणत राहतो, परीक्षा देत राहतो, डॉक्टर बदलत राहतो, ते बऱ्याचदा हे दुःख यायला नको म्हणून. हात थांबले की ते येतं. वडील परत येऊन वाटणी बदलणार नाहीत, रान वरचं आहे ते वरचंच राहणार. पुढचे पंधरा दिवस भाऊ आधीपेक्षा वाईट दिसत होते. बायकोचा फोन आला, "मॅडम, तुम्ही काय केलं ओ?" मी भेट आठवड्यावर आणली आणि मनोविकारतज्ज्ञांशीही बोलून घेतलं. गोळ्या दोन महिने चालल्या.

झोपेसाठी एक साधी गोष्ट दिली. रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच बांधावर बसायचं आणि फक्त बोअरचा विचार करायचा, पोटभर. रात्री तो आला की त्याला सांगायचं, उद्या पाचला ये. चार दिवस ते माझ्यावर चिडले. मग एकदा म्हणाले, "पाचला बसलो की इचारच येईना. हरभऱ्याच्या घाट्यातली अळीच दिसायली."

आणि विचार गेला नाही तर? पूर्ण जात नाही, हेही मी सांगितलं होतं. शेजारच्या रानात बोअरची गाडी चालू असते तेव्हा तो आवाज आपण बंद करू शकतो का? नाही. पण त्या आवाजात म्हैस पिळता येते. मन आवाज करणार, तुम्ही धार काढा. बायकोला हे फार आवडलं. आता घरात भाऊ घुम्यासारखे बसले की ती विचारते, "गाडी चालू हाय का?"

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण या शब्दाचा गैरवापर मी रोज पाहते. नवरा मारतो त्या बाईला कुणी स्वीकारायला सांगत असेल तर ते समुपदेशन नाही. थकलेली मजुरी, बरा होणारा आजार, वारसाहक्कातून बहिणीला परस्पर वगळणं, हे स्वीकारायचे विषय नाहीत. तिथं भांडायचं. भाऊंच्या वाटणीतही फसवणूक असती तर मी त्यांना आधी वकील गाठायला लावलं असतं. तशी नव्हती. त्यांनी स्वतः राजीखुशीनं सही केली होती, आणि तीच सही त्यांना सलत होती.

सातवा बोअर त्यांनी घेतला नाही. सोयाबीन-तुरीवरच आहेत, चार उस्मानाबादी शेळ्या वाढवल्यात. कर्ज आहे, ते फिटायला वेळ लागेल. थोरल्याशी बसून बोलणं झालं का? नाही झालं, आणि मी त्यासाठी आग्रहही धरला नाही. पण एप्रिलमध्ये भेटायला आले तेव्हा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "म्हशी नेल्या होत्या विहिरीवर."

"मग?"

"मग काही नाही. वहिनी म्हणली, भाऊजी, दोर तुटलाय, थांबा, मोटार लावते."

"आणि दादा?"

"घरीच होते. बाहेर आले नाहीत." थोडं थांबून म्हणाले, "दुसऱ्या दिवशी दोर नवा होता."

ते उठले. पुडी महिनोन्‌महिने माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात पडून होती. मी ती पुढे केली, "ही घेऊन जा."

"राहू द्या की मॅडम," चपला घालत ते म्हणाले, "रानात ढीग पडलाय त्याचा."