अक्राच्या कायायेईंवर थीसिस करायचाय? आधी ओझ्याबद्दल विचार

तुझा प्रश्न दोनदा वाचला. लेगॉनला म्हणजे घाना विद्यापीठात एमफिल मिळालंय, विषय 'अक्रामधल्या कायायेई मुलींचं शोषण', फील्डवर्कला तीन महिने, ६२ प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे आणि ती बरोबर आहे का एवढंच तू विचारलंयस. आधी मनापासून अभिनंदन! मी २०१६-१७ ला ह्याच विषयावर तिथे काम केलंय, नंतर २०२२ ला परत जाऊन आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथल्या बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून सांगते, कायायेई म्हणजे घानाची राजधानी अक्रा, तिथल्या बाजारात डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बायका-मुली, बहुतेक सगळ्या देशाच्या उत्तर भागातून आलेल्या. हौसा भाषेत 'काया' म्हणजे सामान, ओझं आणि गा भाषेत 'येई' म्हणजे बायका, एकटी असेल तर कायायो. शब्दातच दोन भाषा आहेत बघ, एक उत्तरेच्या व्यापाऱ्यांची आणि एक अक्राच्या मूळ लोकांची.

आता प्रश्नावली. तुझे पहिले वीस प्रश्न 'घर का सोडलंस, कोणी मारलं का, रात्री कुठे झोपतेस, कोणी त्रास दिला का' असे आहेत. हे सगळं महत्त्वाचं आहे, खोटं नाहीये. पण अगं, माकोला मार्केट, तेमा स्टेशन (गाड्यांचा अड्डा), ओल्ड फदामाची झोपडवस्ती, अक्रामधल्या ह्या जागांवरच्या मुलींना हे प्रश्न वर्षानुवर्षं विचारले गेलेत, विद्यार्थी येतात, संस्थावाले येतात, टीव्हीवाले येतात आणि सगळ्यांना दुःखच हवं असतं. त्यांचं उत्तर आता पाठ झालंय. मीही पहिले तीन आठवडे तेच लिहून घेतलं आणि वह्या चाळल्या तर सगळ्या मुलाखती एकसारख्या.

बदल कसा झाला ते सांगते. तेमा स्टेशनजवळ एक तिशीतली बाई होती, नाव लिहीत नाही. एक दिवस तिच्या मागे मागे चालत होते. तिच्या मोठ्या पसरट घमेल्यात यामचे कंद, वर तेलाचे डबे, डोक्यावर आपल्याकडे असते तशीच कापडाची चुंबळ. गिऱ्हाईक बाई पुढे, ही मागे, गर्दीतून ट्रोट्रोपर्यंत, म्हणजे तिथल्या भाड्याच्या मिनीबसपर्यंत गेलो. तिथे पोचल्यावर गिऱ्हाईक पैशावरून हुज्जत घालायला लागली. आणि हे सगळं चालू असताना घमेलं हिच्या डोक्यावरच! कारण एवढं ओझं एकटीला उतरवता येत नाही, चढवायला दोघं लागतात आणि उतरवायलाही कोणीतरी लागतं. ट्रोट्रोचा मेट, म्हणजे आपला क्लीनर समज, तो हात लावेपर्यंत तिची मान ताठ आणि तोंडाने भाव चाललेला. किती वेळ टिकणार माणूस? ती दोन सिडी (घानाचं चलन) कमी घेऊन मोकळी झाली.

त्या रात्री खोलीवर येऊन मी प्रश्नावली बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवसापासून एवढंच विचारायला लागले की भाव कधी ठरतो, उचलायच्या आधी की उतरवताना? उचलायला कोण मदत करतं? घमेलं स्वतःचं की भाड्याचं? आणि बायका बोलायलाच लागल्या, थांबेचनात. जुन्या बायका आधी भाव ठरवून मगच घमेल्याखाली जातात. नव्या पोरींना ते जमत नाही, कारण बाजार चालतो ट्वी भाषेत आणि ह्या बोलतात उत्तरेकडची डगबानी नाहीतर माम्प्रुली. म्हणून नवीन आलेली पोर सगळ्यात आधी ट्वीमधले आकडे शिकते, बाको, मिएनू, मिएन्सा. एक, दोन, तीन. शोषण शोषण म्हणतो ना आपण, ते मला त्या आकड्यांमध्ये दिसलं, आणि 'तुझं शोषण होतं का' ह्या प्रश्नाला ते कधीच सापडलं नसतं. (तो शब्द डगबानीत विचारायचा कसा हेच माझ्या दुभाषी मुलीला कळेना, दर वेळी ती वेगळंच काहीतरी विचारायची.)

म्हणून माझं म्हणणं एकच, मुलीच्या दुःखापासून सुरू करू नकोस, तिच्या कामापासून सुरू कर. ती कामगार आहे, तिला तिच्या कामातलं कळतं, त्याबद्दल तिला तज्ज्ञासारखं विचार. दुःख येतंच मागून, आणि ते जास्त खरं येतं. पैशांचा हिशोबही असाच येतो. आंघोळीला दर वेळी पैसे, संडासला पैसे, फळ्यांच्या खोलीत आठ-दहा जणींत झोपायचं आणि दर आठवड्याला माणशी भाडं, उरलेलं सुसूवाल्याकडे, म्हणजे रोज फिरून बचत गोळा करणाऱ्याकडे. आणि त्या बचतीतून काय घेतात विचार! पातेली, भांडी, कापडं, लग्नासाठी. आपल्या रुखवतासारखंच. ट्रंक उघडून दाखवतात तेव्हा चेहरा बघावा.

इतिहासाचं प्रकरण मात्र जाड होऊ दे. उत्तर घानात वर्षातून एकच पावसाळा, दक्षिणेत दोन, म्हणून पोरी येतात, एवढंच लिहून सोडू नकोस. पावसाळा पूर्वीही एकच होता. ब्रिटिशांनी उत्तर भाग दक्षिणेच्या खाणी आणि कोकोच्या मळ्यांना मजूर पुरवणारा मुलूख म्हणूनच ठेवला, शाळा-रस्त्यांवर खर्च फारसा केलाच नाही, पण तेव्हा जायचे ते पुरुष. १९८३ नंतर सरकारने आर्थिक सुधारणा आणल्या, खतावरची सबसिडी गेली, शेती परवडेना, आणि त्यानंतरच्या काळात एकट्या बायका-मुली मोठ्या संख्येने निघाल्या. १९९४ ला उत्तरेत कोंकोम्बा आणि नानुम्बा लोकांमध्ये मोठा संघर्ष झाला, त्यातून पळून आलेले पण ओल्ड फदामात राहिले. हे धागे जोडलेस तर 'गरिबीमुळे स्थलांतर' ह्या गुळगुळीत वाक्याच्या पुढे जाशील.

एथिक्सबद्दल कडकच सांगते. घानाच्या १९९८ च्या बालक कायद्यात घातक कामांची यादी आहे, ती १८ वर्षांखालच्यांना बंद आहेत, आणि त्या यादीत जड ओझी वाहणं चक्क नावाने दिलंय. म्हणजे तुझ्यासमोर १४ वर्षांची पोर घमेलं घेऊन बसली असेल तर तू कायद्याने बंद असलेल्या कामाची नोंद करतेयस. तेव्हा काय करायचं, कोणाला सांगायचं, सांगितल्यावर तिला उचलून गावी पाठवलं तर ती परत येणारच त्याचं काय, हे तिथे गेल्यावर नाही, आत्ताच गाइडबरोबर बसून लिहून काढ. मला विचारशील तर पहिल्या प्रबंधात १८ च्या वरच्याच घे आणि त्यांना लहानपणचं विचार. फोटो अजिबात नको. आणि वेळेचे पैसे दे. सकाळचा एक तास म्हणजे तिची दोन-तीन ओझी, तो तास फुकट घेणं मला चुकीचं वाटतं. फक्त रक्कम एथिक्स कमिटीच्या अर्जात आधीच लिही. परवानगीला वेळ लागतो, माझे एका ऑफिसमध्ये कागद हरवले आणि पाच आठवडे गेले, ते तुझ्या तीन महिन्यांत धरून चाल.

कोणीतरी वर लिहिलंय की महाराष्ट्राशी तुलना कर, बाबा आढावांची हमाल पंचायत, १९६९ चा माथाडी कायदा वगैरे. कल्पना मला आवडली, पण जपून. माथाडीत मालक नोंदलेला असतो, मजुरी आणि वर लेव्ही (म्हणजे हमालांच्या सोयींसाठीची जादा रक्कम) माथाडी मंडळात भरतो, मग तिथून हमालाला मिळते. कायायोचा मालक कोण? मघाशी ट्रोट्रोत बसून गेलेली गिऱ्हाईक बाई. लेव्ही कोणाकडून घेणार? तुलना ह्या प्रश्नावर कर, एक चांगलं प्रकरण होईल. घाना सरकारने २०१७ च्या बजेटमध्ये कायायेईंवरचा बाजार-कर काढायचं जाहीर केलं होतं, म्हणजे त्याआधी डोक्यावर ओझं वाहायला ह्या बायका करही भरत होत्या! ते नक्की घे. आणि मार्च २०२० चं लॉकडाउनही घे, अक्रा बंद होणार म्हटल्यावर कायायेई ट्रकमध्ये बसून उत्तरेकडे निघाल्या आणि त्यांना वाटेतून परत फिरवलं. आपल्याकडचे रस्त्याने चालत गेलेले मजूर आठवतात ना, तेच दिवस.

जागेचं म्हणशील तर जुने पेपर वाचून नकाशा मनात धरू नकोस. ओल्ड फदामाला लागून असलेलं अग्बोग्ब्लोशीचं भंगार यार्ड जुलै २०२१ ला पाडलं, तिथला कांद्याचा बाजार शहराबाहेर अजेन कोटोकूला हलवला. मी २०२२ ला गेले तर माझ्या अर्ध्या बायका सापडल्याच नाहीत, ओझी जिथे गेली तिथे त्या गेल्या. तू त्या नव्या बाजारापासूनच सुरुवात का करत नाहीस? तिथे संशोधकांची गर्दी तरी कमी असेल.

दुभाषी उत्तरेची बाईच घे, पण तिच्या घरचं कोणी वस्तीत भाडं गोळा करणारं नाही ना ते बघून. डगबानीत सकाळी 'दासिबा' म्हणायचं, समोरून 'ना' असं उत्तर येईल, ते आपलं 'ना' नाही हं, ते नमस्काराला दिलेलं उत्तर आहे. मी पहिल्या दिवशी नकार समजून परत फिरले होते.

प्रश्नावलीतले पहिले वीस काढून कामाचे आठ-दहा प्रश्न टाक आणि नवीन ड्राफ्ट इथेच लाव, मी रविवारी बसून बघते.