'लिटल विमेन'मध्ये धाकट्या एमीने मोठ्या बहिणीची, जोची, वही जाळली. मग जोच इतकी अपराधी का वाटते?

कारण वही जाळणं हा लहान मुलीचा सूड होता, पण नदीवर जो गप्प राहिली ते समजून उमजून.

लुइसा मे अल्कॉटची ही कादंबरी 1868 ची. शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी' या अनुवादामुळे ती आपल्याकडे घरोघरी पोचली. नाटकाला नेलं नाही म्हणून एमी चिडते आणि जोच्या गोष्टींची वही चुलीत घालते. कित्येक वर्षांची मेहनत, आणि जोने पक्की प्रत उतरवून जुने कागद नुकतेच टाकून दिलेले. मला तर जोचा राग शंभर टक्के पटतो. एमी रडत माफी मागते, तरी जो विरघळत नाही.

दुसऱ्या दिवशी गोठलेल्या नदीवर शेजारचा मित्र लॉरी ओरडून सांगतो, काठाकाठाने या, मधला बर्फ पातळ आहे. जोला ऐकू येतं, मागून येणाऱ्या एमीला नाही. जो मागे वळत नाही. बर्फ फुटतो, एमी पाण्यात. कुंपणाचा वासा घालून तिला कशीबशी बाहेर काढतात.

खरं मोठं होणं मला त्या रात्री दिसतं. जो आईपाशी रडते, आपल्या रागाचीच तिला भीती वाटते. आणि ती शांत, सोशिक आई कबूल करते की मलाही जवळजवळ रोज राग येतो, चाळीस वर्षं झगडतेय, फक्त तो दाखवायचा नाही एवढंच जमलंय. आईलाही राग येतो, हे जोला त्या रात्री पहिल्यांदा कळतं.