नेब्रास्कात 'होमस्टेड' घेतलेल्या पूर्वजाची माहिती कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की सासरचे खापरपणजोबा डेन्मार्कहून आले आणि १८८०च्या दशकात नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीत होमस्टेड, म्हणजे राहून कसण्याच्या अटीवर सरकारने दिलेली जमीन, घेऊन राहिले. जमिनीच्या पेटंटची प्रत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी सरकारी खात्याच्या साइटवर मिळाली, पण त्यात नाव, तारीख आणि आकडे सोडून काहीच नाही. आता पुढे काय?

पेटंट हा शेवटचा कागद, आपल्याकडच्या सनदेसारखा. खरा ऐवज आहे त्यामागच्या फायलीत. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायचे. सगळी फी मिळून साधारण १८ डॉलर, पण अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि मग दोन साक्षीदार आणून हे सगळं सिद्ध करायचं. त्या जबान्या 'लँड एंट्री केस फाइल'मध्ये असतात आणि मूळ फायली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. नेब्रास्काच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. तिथल्या फायली स्कॅन झाल्या आहेत आणि फोल्ड३ या जुन्या नोंदींच्या साइटवर बघता येतात, त्यामुळे आधी तिथे शोधा. तिथे नाही मिळाली तर आर्काइव्ह्जकडे मागणी करायची. १९०८च्या मध्यापूर्वीच्या फायलीसाठी लँड ऑफिसचं नाव, फायनल सर्टिफिकेटचा (अटी पुऱ्या झाल्याच्या दाखल्याचा) नंबर आणि जमिनीचं वर्णन, तिन्ही लागतात. हे सगळं पेटंटवरच असतं. अर्जाचा नंबर वेगळा आणि सर्टिफिकेटचा वेगळा. सर्टिफिकेटच्या जागी अर्जाचा नंबर टाकला की चुकीची फाइल येते किंवा 'सापडली नाही' असं उत्तर येतं.

फायलीतला छापील प्रश्नांचा जबानीचा कागद सावकाश वाचा. घर किती बाय किती फूट, मातीचं की लाकडी, दारं-खिडक्या किती, विहीर, तबेला, किती एकर नांगरले, किती हंगाम पीक घेतलं, बायको-मुलं किती, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. 'जमीन सोडून किती काळ बाहेर होता' हा प्रश्न फार कामाचा. सहा महिन्यांपेक्षा जास्त गैरहजर राहिल्यास जमीन जाण्याची भीती असायची, म्हणून कोण कधी आणि कशासाठी कामाला बाहेर गेलं होतं, ते इथे कळतं. साक्षीदार बहुतेक शेजारचे असतात, कधी नात्यातलेही निघतात. त्यांचीही नावं शोधा. परदेशी माणसाच्या फायलीत नागरिकत्वाचा दाखला जोडलेला असतो, पण १९०६पूर्वीच्या दाखल्यात बहुधा फक्त देश असतो, गाव नसतं.

तारखेच्या बाबतीत हमखास चूक होते. पेटंटवर १८९१ असेल तर माणूस १८९१ला आला असा अर्थ नाही. पाच वर्षांचं वास्तव्य आणि वर कागद फिरायला लागलेला वेळ धरून सहा-सात वर्षं मागे जा.

जमिनीचं वर्णन 'वायव्य पाव, सेक्शन १२, टाउनशिप १७ उत्तर, रेंज २० पश्चिम, सहावी मुख्य मेरिडियन' असं असतं. मेरिडियन म्हणजे मोजणीची उत्तर-दक्षिण आधाररेषा, रेंज म्हणजे तिच्यापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला कितवी रांग. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. नंबर ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे ६पर्यंत जातात, खालच्या ओळीत ७पासून उलटे पूर्वेकडे येतात. बैल नांगर वळवतो तसं. हे लक्षात नसेल तर जागा पाच मैलांनीही चुकू शकते. कॅन्सस आणि नेब्रास्काची मेरिडियन एकच आहे, फक्त नेब्रास्कात टाउनशिप 'उत्तर' आणि कॅन्ससमध्ये 'दक्षिण', म्हणून ते एक अक्षर (N की S) नीट वाचा.

पेटंट सापडतं ते ज्यांनी अटी पुऱ्या केल्या त्यांचंच. बऱ्याच अर्जदारांना जमीन कायम करता आली नाही. अशा भावंडांचा किंवा खुद्द पूर्वजाच्या आधीच्या प्रयत्नाचा माग ट्रॅक्ट बुकात, म्हणजे जमिनीनुसार ठेवलेल्या सरकारी नोंदवहीत, लागतो, कारण रद्द झालेल्या आणि सोडून दिलेल्या नोंदीही तिथे राहतात. ही पुस्तकं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट आहेत. सगळ्या पानांची नावानिशी यादी असेल असं धरू नका. टाउनशिप-रेंज धरून पानं उलटायची तयारी ठेवा. त्यावरून अर्जाचा नंबर मिळाला की रद्द झालेल्या दाव्याचीही फाइल मागवता येते.

विषम नंबरचा सेक्शन निघाला तर सावध व्हा. रेल्वेच्या पट्ट्यात असे सेक्शन कंपनीला दिलेले असायचे आणि ती पुढे विकायची. अशा वेळी पूर्वजाच्या नावाचं पेटंट निघणारच नाही. काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे, म्हणजे दस्त नोंदणी कार्यालयात, खरेदीखत बघा. जमीन हाती आल्यावर तिच्यावर कर्ज किती काढलं, तेही तिथल्याच गहाणखतांत कळतं. नवरा आधीच वारला असेल तर पेटंट पत्नीच्या नावावर असू शकतं.

जनगणनेत १८९०ची पोकळी आहे. ते कागद १९२१च्या आगीत आणि त्यानंतर बहुतेक नष्ट झाले. पण नेब्रास्काची १८८५ची वेगळी गणना आहे आणि तिच्यात शेतीचा तक्ताही आहे: किती एकर, किती गुरं. १९००च्या गणनेत अमेरिकेत आल्याचं वर्ष मिळेल.

शेवटी फोटो. सॉलोमन बुचर नावाच्या फोटोग्राफरने १८८६पासून कस्टर काउंटीतल्या मातीच्या घरांसमोर कुटुंबं उभी करून फोटो काढले. गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांच्या भिंती, पुढे गाय-घोडे आणि बाहेर आणून ठेवलेलं सामान. हा संग्रह नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेकडे आहे. आडनावाने शोधताना स्पेलिंग सैल ठेवा. हॅन्सन, हान्सेन, हॅन्सेन सगळं करून बघा.