भीती वाटते, म्हणजे विश्वास कमी पडला का?

पुढे येणारे दुखणे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेले असते, त्याची धास्ती वाटते आणि त्या धास्तीचीच लाज वाटू लागते, "माझा विश्वास कमी पडतो आहे का?" हा प्रश्न ख्रिस्ती कुटुंबांतून माझ्याकडे वारंवार येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका सेवानिवृत्त शिक्षकांनीही तोच विचारला होता. ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील बदलले आहेत.

मधुमेहाने सरांची मूत्रपिंडे निकामी होत आली होती आणि काही महिन्यांत डायलिसिस सुरू करावे लागणार होते. त्याआधी हातातील रोहिणी व नीला जोडून फिस्टुला करून घेणे आवश्यक होते, कारण ती नस सुया टोचण्याजोगी रुंद व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. तेवढा वेळ हाताशी नसेल तर बहुधा मानेतून नळी घालावी लागते आणि तिच्यात जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. सर मात्र शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलत होते. "ताई, डाव्या हाताला बीपीचा पट्टासुद्धा लावू देत नाहीत, फिस्टुलासाठी तो हात इतका जपतात; आणि तारीख आली की घरातून हलत नाहीत," असे त्यांच्या पत्नी वैतागून म्हणाल्या.

कारण हळूहळू उलगडले. चर्चच्या मंडळीतील काही जण घरी येऊन प्रार्थना करत आणि प्रभू बरे करणारच, असे ठामपणे सांगत. फिस्टुला करून घेतला तर ती प्रार्थना आपणच खोटी पाडली असे होईल, असे सरांना वाटत होते. शिवाय रात्री दरदरून घाम फुटतो, हे त्यांनी पत्नीलाही सांगितले नव्हते. आयुष्यभर संडे स्कूलमध्ये मुलांना "भिऊ नका" शिकवणाऱ्या माणसाने ते सांगावे तरी कोणाला?

मी त्यांना मार्ककृत शुभवर्तमानाचा १४वा अध्याय मोठ्याने वाचायला सांगितला. अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू अत्यंत व्याकूळ होतो, शिष्यांना जागे राहण्याची विनवणी करतो आणि दुःखाचा हा प्याला दूर कर, असे पित्याजवळ मागतो. लूक ९:५१ प्रमाणे, जिथे मरण वाट पाहत होते त्या यरुशलेमेकडे जाण्याचा निश्चय त्याने कितीतरी आधी केलेला होता. म्हणजे निश्चय करणारा आणि त्या रात्री व्याकूळ झालेला, दोघे एकच. त्याच्या जिवावर उठलेल्यांपासून तो काही काळ एफ्राईम गावी दूर राहिला, हेही योहान ११:५४ मध्ये आहे. दुःखाला आपण होऊन कवटाळणे हा ख्रिस्ती निश्चय नव्हे आणि उपचार घेणे हा अविश्वास नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्रज मुत्सद्दी व लेखक थॉमस मोर यांचा दाखला मी नंतर दिला. १५३५ मध्ये शिरच्छेद होण्यापूर्वी लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असताना त्यांनी याच बागेतील ख्रिस्ताच्या दुःखावर लिहिले. धाडसी हुतात्म्यांचे अनुकरण ज्याला झेपत नाही, त्या भित्र्या माणसाला तिथे ख्रिस्त स्वतःच्या वस्त्राचा काठ धरून मागे यायला सांगतो. मोर कॅथलिक संत आणि सर प्रॉटेस्टंट. पण सरांना त्याचे काही वाटले नाही. तो भाग त्यांनी पुन्हा सांगायला लावला.

बरे होण्यासाठी प्रार्थना चालू ठेवायची, मात्र तिच्यात आपल्याला कशाची भीती वाटते तेही नेमके बोलायचे, असे आम्ही ठरवले. सुया, आठवड्यातून तीनदा होणाऱ्या फेऱ्या, पत्नीवर पडणारा भार, असे एकेक ते बोलू लागले. चर्चच्या पाळकसाहेबांशीही (धर्मगुरूंशीही) ते मोकळेपणाने बोलले आणि पुढच्या तारखेला शस्त्रक्रिया झाली. नंतर भेटले तेव्हा मनगटाजवळची बारीक थरथर त्यांनी मला बोट ठेवून दाखवली. रक्त नीट वाहत असल्याची ती खूण, आणि ती रोज तपासण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते.

डायलिसिस आता सुरू आहे आणि सुईची भीती अजूनही वाटते. ती ते तंत्रज्ञाला आधीच सांगतात. आपण खंबीरच राहिले पाहिजे, या समजुतीने त्यांच्या पत्नी मात्र अजून एकदाही रडलेल्या नाहीत, म्हणून सध्या त्या माझ्याकडे एकट्या येतात.