प्रश्न पुस्तकाचा, घोळ पॉलिसीचा

साताऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, हातात पगार ७० हजार, मुलगी पाच वर्षांची, गृहकर्ज ३२ लाख बाकी. ते विचारतात, "ऑफिसात सगळे 'रिच डॅड पुअर डॅड' वाचा म्हणतात. घ्यावं का? सध्या थांबलोय, कारण मार्चमध्ये पॉलिसीचा एक लाखाचा हप्ता भरायचाय."

पुस्तकाचं आधी सांगतो. १९९७ सालचं, अमेरिकेतलं पुस्तक. खिशात पैसे आणते ती मालमत्ता आणि खिशातून काढते ती देणी, एवढी एक गोष्ट त्यातून नीट समजते आणि तेवढ्यासाठी ते वाचनालयातून आणून जरूर वाचा. मात्र त्याच्या भरवशावर कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेऊ नका. तिकडे गृहकर्जाचा दर तीस वर्षं स्थिर ठेवता येतो. आपल्याकडे बहुतेकांचं कर्ज तरत्या दराचं असतं, रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, वाढला की व्याज वाढतं. पैशांचं कुठलंही पुस्तक हाती घेतलं की लेखकाने परतावा किती टक्के धरलाय आणि तो कर, खर्च, महागाई वजा करतो का, एवढं बघा. आकडेच नसतील तर ते पुस्तक फक्त उमेद देईल.

आता तो मार्चचा हप्ता. तुम्ही पत्रासोबत पॉलिसीचा कागद जोडलात हे फार बरं केलंत. मुदत २० वर्षं, हप्ता वर्षाला एक लाख, विमा २० लाखांचा, दोन हप्ते भरून झालेत. एजंट तुमचा मावसभाऊ. त्याने 'वीस लाख भरा, छत्तीस लाख मिळतील, जवळजवळ दुप्पट' असं सांगितलं. वीस वर्षांत पैसे दुप्पटही होत नाहीत, त्याला परतावा म्हणायचं? हिशोब वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास जातो, तोही बोनस, म्हणजे कंपनी नफ्यातून जोडते ती रक्कम, त्याने सांगितला तसा मिळाला तर. आणि उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर २० लाख आणि थोडा बोनस येईल. तेवढ्यात बँकेचं कर्जही फिटत नाही. मुलीच्या शिक्षणाला काय उरणार? एवढं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला ही पॉलिसी विकणं मला अजिबात पटत नाही, मग विकणारा घरचा का असेना.

एक कोटीची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, तंबाखू न खाणाऱ्या निरोगी माणसाला या वयात वर्षाला साधारण १५ हजारांत मिळते. लाखातले उरलेले ८५ हजार दरवर्षी पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात टाका. आजच्या ७.१ टक्क्यांनी उरलेल्या १८ वर्षांत ३१ लाख होतात. जुनी पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, की तिचे २ लाख आणि जमलेला बोनस मुदतीअखेर मिळतो. म्हणजे एकूण ३४ लाखांच्या आसपास. रक्कम एजंटच्या आकड्याहून जरा कमी, पण विमा पाचपट.

क्रम मात्र चुकवू नका. टर्मचा अर्ज आजच भरा. शुगर, बीपी, तंबाखू, काही लपवू नका, नाहीतर दावा अडकेल. नवी पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी बंद करायची नाही. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत असते. तोवर कंपनीकडून पेड-अप आणि सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडली तर काय मिळेल त्याचे, आकडे लेखी मागून घ्या. त्या मुदतीतही टर्मचं काम झालं नाही, तर मार्चचा हप्ता निमूट भरा.