सर्वेक्षणाच्या द्विमार्गी वारंवारता सारणीत (एक गोष्ट ओळींत, दुसरी स्तंभांत घेऊन किती जण ते मोजणारा तक्ता) टक्केवारी ओळीच्या बेरजेवर काढायची की स्तंभाच्या?

ज्या गटांची तुलना करायची आहे, त्या गटाच्या बेरजेवर काढा. गट ओळींत असतील तर ओळीच्या, स्तंभांत असतील तर स्तंभाच्या. छेद बदलला की प्रश्नच बदलतो. याचं उत्तम उदाहरण सर्वेक्षणातलं नाही, पण सारणी तशीच आहे: टायटॅनिकची. 1912 च्या ब्रिटिश चौकशी अहवालातले आकडे सांख्यिकीच्या वर्गात आजही वापरतात.

- पहिला वर्ग: 325 पैकी 203 वाचले
- दुसरा वर्ग: 285 पैकी 118
- तिसरा वर्ग: 706 पैकी 178
- कर्मचारी: 885 पैकी 212

वाचलेल्या 711 जणांत सर्वाधिक कर्मचारीच, जवळपास 30 टक्के. एवढ्यावरून ‘कर्मचारी जास्त वाचले’ म्हणाल तर साफ चुकाल, कारण मुळात ते संख्येने सर्वांत जास्त होते. कर्मचाऱ्यांच्या एकूण संख्येवर काढा: फक्त 24 टक्के, चारही गटांत सर्वांत कमी. पहिल्या वर्गात हेच प्रमाण 62 टक्के. सर्वेक्षणाच्या बातम्यांत नेमकी हीच गल्लत सारखी दिसते, म्हणून टक्केवारी वाचताना ‘कशाच्या?’ हे आधी विचारा.

मात्र टक्क्यांतला फरक म्हणजे कारण नव्हे. बोटींत स्त्रिया-मुलांना आधी घेतलं, आणि कर्मचाऱ्यांत स्त्रिया होत्या फक्त 23, पहिल्या वर्गात 145. नुसते पुरुष घेतले तर वाचलेल्यांचं प्रमाण पहिल्या वर्गात 34, कर्मचाऱ्यांत 22 टक्के. फरक उरतो, पण बराच आटतो.